चिंगीला मच्छी बाजारात सोडण्याआधी

लालबागहून एका मैत्रिणीने लिहिलंय: "ताई, मला लहानपणापासून इसब आहे. जुलैत भर पावसात जिन्याखाली मांजरीचं पिल्लू सापडलं, ते घरी आणलं. चिंगी. तेव्हापासून कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या लवणीत खाज वाढलीय, हातावर दोन गोल चट्टे आलेत. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, मांजर मच्छी बाजारात सोडून ये. चार दिवस चिंगीला नणंदेकडे ठेवून पाहिलं, काही फरक नाही. म्हणजे दोष तिचा नाही ना? ती माझ्या उशाशी झोपते. कानामागचे थोडे केस गेलेत, तिथे कुरवाळलं की डोळे मिटून घेते."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कानापाशीच थांबले. तू ते मायेने लिहून गेलीस, पण मला काळजी वाटली ती तिथेच.

हातावरचा चट्टा उजेडात नीट बघ. कड उठलेली, लालसर, खवल्यांची आणि मधली कातडी साफ होत चाललेली असेल, तर तो इसब नसून नायटा असू शकतो. नायटा ही बुरशी. मांजरांच्या पिल्लांमध्ये ती बऱ्याचदा असते, केस झडलेला ठिपका हीच तिची खूण, आणि कुरवाळणाऱ्या हाताला ती लागते. इसब असा कुणाकडून लागत नाही. पत्रावरून निदान होत नाही, म्हणून दोघींनीही तपासून घ्या. तुला केईएमची त्वचारोग ओपीडी जवळ आहे आणि चिंगीला परळचं बैलघोडा हॉस्पिटल. नायटा निघाला तर दोघींचाही बरा होतो, फक्त औषध सांगितलेले सगळे दिवस चालवावं लागतं.

ती ट्यूब मात्र आजपासून बंद. अशा मिश्रणांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते, आत बुरशी पसरत राहते, आणि चट्ट्याचा आकार असा बिघडतो की डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब सोबत ने. इसबावर डॉक्टर स्वतः स्टिरॉइडचं मलम देतील तर ते बिनधास्त लाव; कुठे आणि किती दिवस हे त्यांनी ठरवलेलं असतं.

आता चार दिवसांच्या प्रयोगाबद्दल. तुला आवडणार नाही, पण त्यावरून चिंगी निर्दोष ठरत नाही. मांजराची ॲलर्जी होते ती मुख्यतः तिच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनामुळे. ती अंग चाटते, ते केसांवर वाळतं, त्याचे बारीक कण हवेत तरंगतात, गादी-पडद्यांत बसतात आणि मांजर गेल्यावरही कित्येक महिने घरात राहतात. तेव्हा सासूबाईंचा संशय अगदीच चुकीचा नाही. पण पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कापसाच्या गादीतले धुळीतले किडेही फोफावतात, आणि घामानेही इसब चिडतो. चिंगी आली जुलैत, पाऊसही तेव्हाचाच! नेमकं कोण ते ॲलर्जीच्या तपासणीतून बरंच कळेल. कातडीवर टोचून करायची असेल तर खाजेच्या गोळ्या आधी काही दिवस थांबवाव्या लागतात, ते विचारून घे.

'मांजराला बेडरूममध्ये येऊ देऊ नका' असं सगळे सांगतात. एकाच खोलीत राहणाऱ्यांनी काय करायचं? तू एवढं कर: दिवसा अंथरुणाची वळकटी करून वर जुनी चादर टाक. चादरी, उशीचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धू. चिंगीला खिडकीपाशी खोक्यात तिचं अंथरूण करून दे. उशाशी झोपणं आजपासून बंद, हे मी आग्रहाने सांगते. आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. कोरड्या इसबाला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचाच नाही.

मच्छी बाजारात तिला सोडू नकोस. घरात वाढलेलं पिल्लू तिथल्या बोक्यांपुढे टिकत नाही, आणि तुझ्या गादीतले कण काही त्याने कमी होत नाहीत. सगळे उपाय करूनही कातडी शांत झाली नाही आणि तपासणीत मांजरच निघालं, तर तिला चांगलं घर शोधून दे. त्यात तू तिच्याशी वाईट वागलीस असं होत नाही.

आणि नणंदेला आजच फोन कर. चिंगी चार दिवस तिच्याकडे होती. घरात कुणाच्या अंगावर गोल चट्टा उठलाय का, बघायला सांग.