अमेरिकेत आमच्याकडे आलेल्या वडिलांच्या छातीत अचानक दुखू लागलं, तर आधी विमा कंपनीला कळवायचं की थेट ९११ या तिथल्या इमर्जन्सी नंबरला?

थेट ९११, विमा कंपनीला फोन नंतर, हॉस्पिटलात पोचल्यावर. रक्तपुरवठा थांबला की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो, म्हणून हॉस्पिटलात आल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनीतला अडथळा उघडायचं उद्दिष्ट तिथे ठेवतात. गाडीतून स्वतः नेऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ईसीजी वाटेतच निघतो. पैशांचं काय? १९८६च्या कायद्यानुसार जवळपास प्रत्येक हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला, विमा असो-नसो, रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. पण याचा अर्थ फुकट असा नव्हे, बिल मागाहून येतंच. मी प्रवास विम्याचे क्लेम बघतो. सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या आजारांवरून. वडिलांना बीपी, शुगर किंवा आधीचा स्टेंट असेल आणि फॉर्मवर लिहिला नसेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. लिहिला असला तरी बऱ्याच पॉलिसी अशा आजारासाठी फक्त जीव वाचवण्यापुरता, तोही ठरावीक रकमेपर्यंतच खर्च देतात. तेवढं कलम निघण्याआधी वाचा, आणि गोळ्यांची यादी जेनेरिक, म्हणजे औषधातल्या मूळ घटकाच्या नावांनी लिहून वडिलांच्या पाकिटात ठेवा. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत.