वाचकांचे प्रश्न: फॅक्ससाठी फाइलचे रूपांतर

प्रश्न: आमच्या कार्यालयातून काही कागदपत्रे अजूनही फॅक्सनेच पाठवावी लागतात. मी पीडीएफ फाइल इमेजमॅजिक या चित्रे बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या कमांडने २०४×१९६ रिझोल्यूशनच्या आणि ग्रुप ३ कॉम्प्रेशनच्या टिफ या प्रकारच्या चित्र-फाइलमध्ये बदलतो. संगणकाच्या पडद्यावर पान अगदी स्वच्छ दिसते, परंतु पाठवताना समोरचे यंत्र पान सदोष असल्याचा संकेत देते. चूक कोठे होत असावी?

उत्तर: रिझोल्यूशन आपण योग्य निवडले आहे, चूक पानाच्या रुंदीत आहे. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीने १९८० साली टी.४ या शिफारशीद्वारे ग्रुप ३ फॅक्सचे जे प्रमाण ठरवून दिले, त्यानुसार नेहमीच्या पानाच्या प्रत्येक ओळीत, म्हणजे ठिपक्यांच्या आडव्या रांगेत, बरोबर १७२८ पिक्सेल असावे लागतात आणि ते २१५ मिलिमीटर रुंदीवर पसरलेले असतात. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असल्यामुळे इंचाला २०४ या हिशेबाने त्याचे १६८७ पिक्सेलच भरतात, म्हणजे प्रत्येक ओळ ४१ पिक्सेलांनी अपुरी राहते. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्याने काही बिघडत नाही, कारण टिफ फाइलमध्ये नोंदवलेली रुंदी तो वाचून घेतो. फॅक्स यंत्राकडे फाइल जात नाही, एकामागून एक ओळी जातात. ज्या ओळीची बेरीज १७२८ होत नाही ती ओळ यंत्र सदोष धरते आणि अशा ओळी फार झाल्या की पान नाकारते.

यावर माझा सल्ला असा की पीडीएफचे रूपांतर थेट घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमने करावे. त्यात आउटपुट डिव्हाइस म्हणून ‘टिफ-जी-३’ निवडले की रिझोल्यूशन मूळचेच २०४×१९६ असते आणि ‘ॲडजस्ट-विड्थ’ हा पर्याय आपोआप चालू असल्यामुळे १७२८ च्या जवळपास येणारी रुंदी नेमकी १७२८ करून घेतली जाते. इमेजमॅजिकही पीडीएफ उघडताना आतून घोस्टस्क्रिप्टचीच मदत घेते, परंतु त्याच्याकडून पान साधे चित्र म्हणून मागवते, त्यामुळे ही दुरुस्ती तेथे होत नाही. अनेक पानांचा दस्तऐवज असेल आणि प्रत्येक पानाची फाइल वेगळी हवी असेल, तर आउटपुट फाइलच्या नावात टक्केचिन्ह, शून्य, तीन आणि लहान लिपीतील डी ही चार चिन्हे याच क्रमाने लिहावीत. पानांना ००१, ००२ असे क्रमांक मिळतात.

फाइल तयार झाल्यावर ती पडद्यावर पाहून समाधान मानू नये. लिबटिफ या टिफ फाइल हाताळणाऱ्या प्रोग्रॅमसंचातील ‘टिफइन्फो’ ही कमांड त्या फाइलवर चालवावी आणि रुंदी, ओळींची संख्या, रिझोल्यूशन व कॉम्प्रेशन या चार नोंदी वाचाव्यात. पूर्ण ए-४ पानाच्या ओळी या रिझोल्यूशनला २२९० च्या आसपास असतात. ‘टिफ-जी-४’ म्हणजे ग्रुप ४ कॉम्प्रेशन निवडल्यास फाइल आणखी लहान होते हे खरे, पण ती पद्धत दोन्ही यंत्रांनी त्रुटिसुधारणेची सोय मान्य केली तरच फोनवरून वापरता येते. म्हणून समोरचे यंत्र कसे आहे हे ठाऊक नसेल तेव्हा साधे ग्रुप ३ निवडावे.

प्रश्न: माझे पान पोहोचते, पण उभ्या दिशेने दुप्पट ताणलेले असते. असे का व्हावे?

उत्तर: आपली फाइल ‘फाइन’ दर्जाची आहे आणि पाठवणारा प्रोग्रॅम ती ‘स्टँडर्ड’ म्हणून पाठवत आहे. दोन्ही दर्जांत आडवे पिक्सेल सारखेच असतात, पण ओळी स्टँडर्डमध्ये मिलिमीटरला ३.८५ आणि फाइनमध्ये ७.७ असतात. रूपांतर आणि पाठवणी या दोन्ही कमांडमध्ये दर्जा एकच सांगितला की पान मूळ आकारात येईल.

प्रश्न: मजकुराची पाने झटपट जातात, परंतु छायाचित्र असलेल्या एका पानाला कित्येक मिनिटे लागतात. फाइलचा आकारही फुगतो. कॉम्प्रेशन चालू असूनही असे कसे होते?

उत्तर: ग्रुप ३ चे कॉम्प्रेशन कोऱ्या जागेवर आणि सलग काळ्या रेघांवर बेतलेले आहे. ओळीत सलग किती पिक्सेल पांढरे, मग सलग किती काळे, एवढीच लांबी ते सांकेतिक अंकांत लिहिते. संपूर्ण पांढरी ओळ, म्हणजे १७२८ पिक्सेल, केवळ १७ बिटांत आणि ओळसमाप्तीच्या १२ बिटांत मावते. छायाचित्रातील राखाडी छटा काळ्या-पांढऱ्यात आणताना प्रोग्रॅम तिचे विखुरलेले ठिपके करतो. आता एकट्या पांढऱ्या पिक्सेलचा संकेत ६ बिटांचा आणि एकट्या काळ्याचा ३ बिटांचा आहे. म्हणून एकाआड एक ठिपके असलेल्या ओळीला ७,७७६ बिट लागतात, म्हणजे मूळच्या साडेचार पट. सेकंदाला १४,४०० बिट या वेगानेही अशी एक ओळ जायला अर्धा सेकंद पुरत नाही, आणि फाइन दर्जात ५ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यात अशा ३८५ ओळी येतात, ज्यांना साडेतीन मिनिटे लागतील. तेवढाच कोरा पट्टा काही सेकंदांत जातो.

त्यामुळे सही, शिक्का किंवा हस्ताक्षर असलेल्या स्कॅनसाठी इमेजमॅजिकचा ‘मोनोक्रोम’ पर्याय मी टाळतो, कारण तो ठिपके विखुरतो. त्याऐवजी ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे ठरावीक छटेपेक्षा गडद ते काळे आणि बाकीचे पांढरे करणारा पर्याय, वापरावा आणि ६० टक्क्यांपासून सुरुवात करावी. निळ्या शाईची फिकट सही नाहीशी होत असेल तर ही टक्केवारी वाढवत न्यावी. चेहरा ओळखू येणे आवश्यक असेल तेव्हा छायाचित्र गरजेपुरते कापून घ्यावे आणि ‘ऑर्डर्ड-डिदर’ या पर्यायातील वर्तमानपत्री छपाईसारखे मोठे, एकत्र जमणारे ठिपके निवडावेत. चित्र जरा ओबडधोबड होते, पण सलग लांबी वाढल्यामुळे वेळ वाचतो. थ्रेशोल्ड लावलेले चित्र दस्तऐवजात बसवून मग नेहमीप्रमाणे घोस्टस्क्रिप्टकडे द्यावे, म्हणजे रुंदीचा प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही.

प्रश्न: ईफॅक्स या फॅक्स पाठवणाऱ्या प्रोग्रॅमसंचातील ‘ईफिक्स’ ही कमांड साध्या मजकुराची फाइल थेट फॅक्ससाठी तयार करते. इंग्रजी मजकूर नीट येतो, मराठी मजकुराच्या जागी मात्र निरर्थक चिन्हे येतात. उपाय आहे का?

उत्तर: ईफिक्स प्रत्येक बाइटला एक अक्षर समजून आपल्या अंगभूत अक्षरसंचातील चिन्ह उमटवते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते, त्यामुळे एकाच्या जागी तीन असंबद्ध चिन्हे येतात. जोडाक्षरे जुळवण्याची सोय तर तेथे नाहीच. मजकूर आधी लिबरऑफिसच्या ‘हेडलेस’ पर्यायाने, म्हणजे खिडकी न उघडता, पीडीएफमध्ये बदलून घ्यावा आणि पुढचे काम घोस्टस्क्रिप्टवर सोपवावे.

देवनागरीसाठी दर्जा नेहमी फाइन ठेवावा, असा माझा आग्रह आहे. १२ पॉइंटचे अक्षर सुमारे ४.२ मिलिमीटर उंचीत बसते. स्टँडर्ड दर्जात त्याच्या वाट्याला जेमतेम १६ ओळी येतात आणि त्यांतच शिरोरेषा, वरची मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार मावावा लागतो. अनुस्वार मात्रेला चिकटतो, ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकसारखे दिसू लागतात. अक्षर १४ पॉइंटचे आणि जाड आडव्या रेघांच्या फाँटमध्ये घ्यावे, मजकूर पूर्ण काळ्या रंगात ठेवावा, आणि तयार झालेली टिफ फाइल मोठी करून नावे व रकमा एकदा अक्षर न् अक्षर वाचून पाहाव्यात.