कथा किती शब्दांची हवी? लिहिणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळी अंकांची आवाहनं यायला लागली की आमच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न शब्दसंख्येचे येतात. ‘शब्दमर्यादा २०००’ ही एवढीशी ओळ लिहिणाऱ्यांना फार छळते असं दिसतंय, म्हणून यावेळी त्यातलेच काही प्रश्न एकत्र घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. मर्यादा २००० शब्दांची होती आणि माझी कथा झाली ३४०० ची. संपादकांचा मेल आला की कथा आवडली पण मर्यादेत बसवून द्या. आवडली आहे तर मग हजार-दीड हजार शब्दांसाठी एवढं अडून का बसायचं? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : तुमचा राग कळतो, पण संपादक अडून बसलेत असं नाहीये, त्यांच्याकडे जागाच तेवढी आहे. मासिकाच्या एका पानावर शीर्षक, चित्र वगैरे धरून साधारण ५०० शब्द बसतात, म्हणजे तुमचे जास्तीचे १४०० शब्द म्हणजे जवळजवळ ३ पानं. आता छपाई काही सुट्या पानांची होत नाही, ती ८ किंवा १६ पानांच्या फर्म्यांत होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर तेवढी पानं एकदम छापून त्याची घडी घालतात, त्यामुळे ३ पानं वाढली म्हणून फक्त ३ पानं जोडता येत नाहीत, एकतर अख्खा फर्मा वाढवायचा आणि कागद, छपाई, बाइंडिंग सगळ्याचा खर्च अंगावर घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या कोणाची तरी कथा बाहेर काढायची. अंकाची किंमत तोपर्यंत ठरलेली असते, जाहिरातींची पानंही दिलेली असतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला तेव्हाही पानं मोजूनच लावावी लागली असणार, आता ती स्क्रीनवर लावतात एवढंच.

पण मला यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तुमच्या संपादकांनी कथा तुमच्याकडे परत पाठवली हे फार चांगलं केलं. सगळीकडे असं होत नाही, बऱ्याचदा अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री कोणीतरी दमलेला उपसंपादक बसतो आणि जागेत बसेल तेवढं ठेवतो. त्याला सवय बातमीची असते. बातमीत महत्त्वाचं सगळं वर येतं, म्हणून जागा कमी पडली की खालून परिच्छेद काढले तरी चालतं. कथेत नेमकं उलटं असतं, जीव शेवटात असतो, आणि तोच गेला तर छापून आलेली कथा लेखकालाच ओळखू येत नाही. म्हणून मी नव्या लोकांना कळकळीने सांगते की कापायचं काम स्वतःकडेच ठेवा, आपल्या कथेत काय गेलं तर चालेल हे आपल्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं.

आता ३४०० चे २००० कसे करायचे. इथे बहुतेक जण एक-एक शब्द वेचायला लागतात, ‘अतिशय’ काढ, ‘खूपच’ काढ, दोन विशेषणांपैकी एक उडव. याने वाक्यं सुधारतात हे खरं, पण संख्या फार तर दहा टक्के कमी होते आणि तुम्हाला काढायचेत चाळीस टक्के. एवढं काढायचं तर अख्खा प्रसंग किंवा अख्खं माणूसच कथेतून जायला हवं. आधी कागदावर सगळे प्रसंग ओळीने लिहून काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की हा काढला तर पुढचं काय कळणार नाही. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो प्रसंग जाऊ द्या, कितीही सुंदर लिहिलेला असला तरी. मग सुरुवात बघा. आमच्याकडे येणाऱ्या कथांमध्ये पहिलं पान-दीड पान बहुतेक वेळा गाव, घर, हवामान आणि नायिका सकाळी उठून चहा ठेवते यातच जातं आणि खरी कथा फोन वाजल्यावर सुरू होते. मग फोनपासूनच सुरू करा की, गाव आणि घर पुढे वाटेत आपोआप दिसेल. तिसरी जागा म्हणजे संवादांनंतरचं स्पष्टीकरण, पात्र रागावून बोललेलं वाचकाला दिसलेलं असतं, त्यानंतर ‘तिला फार राग आला होता’ लागत नाही.

आणि हे सगळं करूनही कथा २६०० च्या खाली येईना तर याचा अर्थ ती कथा २६०० चीच आहे. तसं संपादकांना साधेपणाने कळवा आणि ती दुसऱ्या अंकाला द्या. मोडून-तोडून बसवू नका.

प्रश्न : माझी एक कथा १२ हजार शब्दांवर गेली आहे. हिला लघुकथा म्हणायचं, दीर्घकथा म्हणायचं की लघुकादंबरी? आणि पुस्तक होण्यासाठी कमीत कमी किती शब्द लागतात? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मराठीत याचं सरकारी माप कुठेच नाही, आपल्याकडे अजून पानांवरच बोलतात. अमेरिकेत विज्ञानकथांचे नेब्युला पुरस्कार देतात त्यांनी मात्र आकडे ठरवून टाकलेत, ७५०० च्या आत ती कथा, ७५०० ते १७५०० मध्ये आपण जिला दीर्घकथा म्हणू तशी, मग ४० हजारांपर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. या हिशोबाने तुमची दीर्घकथा झाली, आणि आपल्याकडेही तिला दीर्घकथाच म्हणतील. पण नावापेक्षा ती कुठे पाठवायची हे बघा, कारण १२ हजार शब्द रविवारच्या पुरवणीत कधीच बसणार नाहीत. दिवाळी अंकांतले काही अंक दीर्घकथा आवर्जून घेतात, त्यांचे मागचे अंक लायब्ररीत चाळा आणि आधी विचारून मगच पाठवा.

पुस्तकाचं गणित सोपं आहे. आपल्या नेहमीच्या डेमी आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द बसतात. ४० हजार शब्दांची १३३-१३४ पानं होतात, त्यात शीर्षकपान, अर्पणपत्रिका, मनोगत वगैरे धरलं की ते १६ पानांच्या ९ फर्म्यांत म्हणजे १४४ पानांत बसतं. तुमच्या १२ हजारांची पानं होतात ४०, एवढ्याचं पुस्तक बारीक दिसतं, पाठीवर नावसुद्धा नीट छापता येत नाही. अशा तीन-चार दीर्घकथा झाल्या की मिळून चांगलं पुस्तक होईल.

आणि एक सांगू का, १२ हजार झाले हे वाईटही नाही आणि मोठेपणाही नाही. कथेत किती माणसं आहेत आणि किती काळ जातो यावर लांबी ठरते. एका दुपारची गोष्ट १२ हजारांवर गेली असेल तर परत वाचा, तीन पिढ्यांची असेल तर कदाचित अजून जागा लागेल.

प्रश्न : वर्डमध्ये माझा लेख १०१२ शब्द दाखवतो, दुसऱ्या ॲपमध्ये ९७०. नक्की खरं काय? शिवाय एका स्पर्धेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये परिचयाला ५०० कॅरेक्टर्स होती, मी मोजून १०० शब्द लिहिले तर मधेच तुटलं. (पुणे)

उत्तर : वर्ड हा प्रोग्रॅम दोन स्पेसच्या मध्ये जे काही असेल त्याला एक शब्द धरतो, आणि आपल्याकडे खूप जणांना स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, डॅश यांच्या आधी स्पेस द्यायची सवय आहे, मग ते एकटं पडलेलं चिन्हसुद्धा शब्द म्हणून मोजलं जातं. स्पेस नीट करा, आकडे बरेच जवळ येतील. चाळीसएक शब्दांच्या फरकासाठी कुठलाही संपादक लेख परत करत नाही, ती काळजी सोडा.

कॅरेक्टर्सचं मात्र नीट समजून घ्या, कारण यात मराठी लिहिणारे हमखास फसतात. कॉम्प्युटर आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही, तो काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो. ‘स्त्री’ आपल्याला एक जोडाक्षर दिसतं, त्याच्या हिशोबात ते ६ कॅरेक्टर्स होतात. स्पेसही मोजली जाते. त्यामुळे ५०० कॅरेक्टर्स म्हणजे मराठीत साधारण ७५-८० शब्दच धरायचे. एसएमएसमध्येही हेच, इंग्रजीत एका मेसेजला १६० कॅरेक्टर्स मिळतात आणि देवनागरीत ७०. इंग्रजीतली शब्दमर्यादा जशीच्या तशी मराठीला लावतात तेव्हाही गडबड होते, आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, म्हणून तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत येतो. म्हणजे मराठीतले १००० शब्द हे इंग्रजीतल्या १००० पेक्षा जास्त लिखाण असतं, स्पर्धा ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी बँकेत आहे, घरी यायला आठ वाजतात. कादंबरी लिहायची आहे. रोज किती शब्द लिहायला पाहिजेत? युट्यूबवर सगळे २००० म्हणतात. (नागपूर)

उत्तर : २००० चा आकडा ज्यांचं पोट लिहिण्यावर आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. तुमच्यासारखा नोकरीवाला उदाहरणाला हवा असेल तर इंग्लंडमधला अँथनी ट्रोलॉप घ्या. तो पोस्ट खात्यात नोकरीला होता, पहाटे साडेपाचला बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर १५ मिनिटांना २५० शब्द असा स्वतःवर नेम घालून घ्यायचा, मग ऑफिसला जायचा. असं करून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या आणि हे सगळं आत्मचरित्रात सांगूनही टाकलं. अमेरिकेत १९९९ मध्ये एक उपक्रम सुरू झाला, नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५० हजार शब्द, म्हणजे रोजचे १६६७. जगभर लाखो लोकांनी केला, तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली पण आकडा लोकांच्या डोक्यात राहिला. मला हे वेगाचे आकडे तुमच्यासाठी नको वाटतात. रोज ३०० लिहा, आठवड्यातून ५ दिवस. वर्षाला ७५ हजारांच्या वर जातात, कच्चा खर्डा होतो, आणि रात्री जेवून झाल्यावरही जमतं.

मात्र शब्द मोजायचे ते फक्त पहिल्या खर्ड्याला. पुनर्लेखन सुरू झालं की मोजणं बंद करा, कारण त्या दिवसांत ८०० शब्द काढून २०० नवे लिहिले तर ते भरपूर काम झालं, आणि संख्या बघत राहिलात तर उगाच वाटेल की दिवस फुकट गेला. खूप कादंबऱ्या इथेच फुगतात, लिहिलेले शब्द काढवत नाहीत म्हणून.

प्रश्न : मर्यादा १५०० आहे, माझा लेख ९०० मध्येच संपला. वाढवू का? (बेळगाव)

उत्तर : नको. पाणी घातलेलं पहिल्या परिच्छेदात कळतं. एखादा मुद्दा नुसता उल्लेख करून सोडलाय का तेवढं एकदा तपासा, नसेल तर तसाच पाठवा. छोटा चांगला लेख आम्हाला कायम हवा असतो, एखादं पान अर्धं मोकळं राहिलं की आम्ही तोच शोधत असतो.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर शतशब्दकथांची स्पर्धा असते. परीक्षकांनी माझी कथा १०३ शब्द झाली म्हणून बाद केली. ३ शब्दांनी काय फरक पडतो? (अकरावीतली मुलगी, नाशिक)

उत्तर : अगं, इतर ठिकाणी खरंच पडत नाही, पण शशकमध्ये, म्हणजे शतशब्दकथेत, पडतो, कारण तिथे १०० हा नियमच आहे. अष्टाक्षरीच्या ओळीत नववं अक्षर चालत नाही, शार्दूलविक्रीडितात १९ च्या जागी २० अक्षरं आली की वृत्त मोडतं, तसंच हे. आणि तुला सांगते, शेवटचे ते ३ शब्द काढताना जेवढं शिकायला होतं तेवढं १००० शब्द लिहून होत नाही, कुठला शब्द नुसताच बसलाय आणि कुठला काम करतोय हे तेव्हा दिसतं. फक्त संख्या जमवायला शब्द जोडू-तोडू नकोस, ‘त्याच्या साठी’ असं तोडून एकाचे दोन करणं किंवा दोन वेगळे शब्द चिकटवणं परीक्षकांना लगेच दिसतं आणि शुद्धलेखनही बिघडतं. शीर्षक धरायचं की नाही ते प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं, ते आधीच विचारून घे.

प्रश्न : स्थानिक रेडिओवर १० मिनिटांचं भाषण द्यायचं आहे, किती शब्द लिहू? (निवृत्त ग्रंथपाल, रत्नागिरी)

उत्तर : सावकाश, समजेल असं मराठी वाचलं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे ११०० च्या पुढे जाऊ नका. पण यावर विसंबू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, मनात वाचताना आपण खूप भरभर जातो. आकडे अक्षरी लिहून मोजा, ‘१९६५’ हा कागदावर एक शब्द असतो आणि ‘एकोणीसशे पासष्ट’ म्हणायला वेळ लागतो. एका श्वासात न होणारी वाक्यं तोडा. आणि रेकॉर्डिंगच्या आधी एवढं विचारून ठेवा की १० मिनिटांत निवेदकाची सुरुवात आणि शेवट धरलाय का, धरला असेल तर तुमच्या हातात नऊ-सव्वानऊच मिनिटं आहेत, १००० शब्द पुष्कळ झाले.