हृदयाचा धडा डोक्यात बसत नसेल तर आधी तुंबलेली मोरी आठव

जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) पहिल्या वर्षाला आहेस, हृदयाची आकृती दहादा काढलीस तरी डावं-उजवं चुकतं, आणि पल्मनरी आर्टरीत, म्हणजे हृदयातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या नळीत, ‘अशुद्ध’ रक्त कसं हे कळत नाही, असं लिहिलंयस. बाळा, डावं-उजवं सगळ्यांचंच चुकतं. आकृती समोरच्या पेशंटची असते ना, त्याची डावी बाजू तुझ्या उजव्या हाताला येते. आकृतीचं पान बाहेर तोंड करून स्वतःच्या छातीवर धर, सगळं जागेवर बसेल.

‘अशुद्ध’ हा शब्द मात्र आजपासून सोडून दे. त्या रक्तात घाण नसते, ऑक्सिजन कमी असतो एवढंच. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, परत आणते ती व्हेन. आत कुठलं रक्त आहे याच्याशी नावाचा संबंध नाही. नाळेतल्या आर्टरीजमध्येही कमी ऑक्सिजनचंच रक्त असतं.

आता मुख्य गोष्ट. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. दोन्ही व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, तेवढंच रक्त ढकलतात. पण उजव्याला शेजारच्या फुफ्फुसांपर्यंतच पोचवायचंय, त्याला २५ च्या आसपास प्रेशर पुरतं. डाव्याला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पाठवायचंय, त्याला १२० लागतं. म्हणून डावी भिंत जाड. हे कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही.

पुढे एकच प्रश्न विचारत जा: हा पंप थकला तर मागे काय तुंबेल? मोरी तुंबली की पाणी मागे चढतं, तसंच. डाव्याच्या मागे फुफ्फुसं आहेत, म्हणून धाप, छातीत क्रेप्ट्स (स्टेथोतून ऐकू येणारा करकर आवाज), आणि तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपणारे आजोबा. उजव्याच्या मागे सगळं शरीर, म्हणून मानेच्या फुगलेल्या शिरा, वाढलेलं लिव्हर, पावलांवर सूज. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर पावलं कोरडी दिसतील आणि सूज कमरेखाली, माकडहाडाजवळ सापडेल. पाठ पुसताना तिथे बोट दाबून बघायचं. मुली हमखास विसरतात.

ठोक्यांबद्दल थोडक्यात: हृदयाचा ठोका सुरू करणारा एसए नोड मिनिटाला ६० ते १००, तो गप्प झाला तर त्याच्या खालचा एव्ही नोड ४० ते ६०, तोही गेला तर व्हेंट्रिकल स्वतःच २० ते ४०. पल्स ३६ लागली की मशीनवर संशय घेण्याआधी हे आठवायचं आणि ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं.

शेवटचं, माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेलं. नवीन असताना एका आजींची पल्स मनगटावर १५ सेकंद मोजून चाराने गुणली, ७२ लिहिली. सिस्टरांनी स्टेथो छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजलं, १०४. आजींना एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. काही ठोके इतके अशक्त असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून नाडी अनियमित लागली किंवा डिगॉक्सिन (ठोके मंद करणारं हृदयाचं औषध) द्यायचं असलं की डाव्या बाजूला पाचव्या बरगडीखालच्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर स्टेथो ठेवायचा आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. मोठ्या माणसात ६० च्या खाली आलं तर गोळी हातातच ठेवून आधी डॉक्टरांना विचारायचं. अनियमित नाडी असेल तर चार्टवर मनगटाचा आणि छातीचा, दोन्ही आकडे लिहायचे.