ब्रीद, बाणा की पण?

प्रश्न असा आला आहे: "काल्पनिक योद्ध्यांच्या टोळीवर कादंबरी लिहिते आहे. 'तुझा भाला दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याला ठार करायचं, मग तो सख्खा बाप का असेना, असा त्यांचा नियम. याला 'सन्मानसंहिता' म्हणू का?"

नको. संहिता म्हटलं की कलमं-पोटकलमं डोळ्यांपुढे येतात.

ब्रीद आणि बिरुद एकाच घरातले. बिरुदावली भाटांनी चारचौघांत गायची, तसं ब्रीदही जाहीर असतं. 'पतितपावन' हे देवाचं ब्रीद भक्ताला ठाऊक असतं, म्हणून तर तो त्यावरून देवाशी भांडतो. बाणा वागण्यात दिसतो. पण 'पण' वेगळा. स्वयंवरातला पण आणि द्यूतातला पण, शब्द एकच. काहीतरी पणाला लागतं, आणि ते पण लावणाऱ्याचंच असतं असं नाही. द्रौपदीला विचारा.

तुमचा नियम महाभारताच्या कर्णपर्वात जवळपास जसाच्या तसा आहे. कर्णाकडून घायाळ होऊन शिबिरात पडलेला युधिष्ठिर चिडून अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. अर्जुन तलवार उपसतो. कारण असं म्हणणाऱ्याचं शिर उडवायचं, हे त्याचं 'उपांशुव्रत'. जपाच्या प्रकारांतला हाच तो उपांशु: पुटपुटलेला, शेजारच्यालाही ऐकू न जाणारा. म्हणजे हे ब्रीद नव्हेच. ते चारचौघांत गायचं नसतं, मनाशी धरायचं असतं!

कृष्णाने काढलेली वाट तर भाषेचीच आहे. वडीलधाऱ्याला 'भवान्' सोडून 'त्वम्' म्हण, तोच त्याचा वध. अर्जुन भावाला अरे-तुरे करतो, मग त्या पापापायी स्वतःवरच तलवार उपसतो. त्यावर उतारा: स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. (या हिशेबाने आपल्यात रोज किती आत्महत्या होतात!)

तेव्हा तुमच्या टोळीचा नियम ढालीवर कोरलेला असेल तर 'ब्रीद' लिहा. नायिकेने एकटीने मनाशी धरला असेल तर 'पण'. सुटका अर्जुनासारखीच करणार असाल, तर एक अडचण आहे. मराठीत आईला, थोरल्या भावाला, विठोबालाही आपण 'तू'च म्हणतो. नायिकेच्या तोंडी बापासाठी पहिल्या पानापासून 'तुम्ही' ठेवा, नाहीतर तो 'तू' कुणाला लागणारच नाही.