लाउंजच्या दारात: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विमानतळावरच्या लाउंजबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे: ‘हक्क होता, तरी आत घेतलं नाही.’ त्यामुळे या वेळी लाउंजमध्ये काय मिळतं यापेक्षा दारात काय तपासतात यावरच जास्त लिहिलं आहे.

प्रश्न: माझं तिकीट इकॉनॉमीचं असतं. विमान कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमध्ये जायचे रीतसर मार्ग कोणते?

पहिला मार्ग म्हणजे बिझनेस किंवा फर्स्टचं तिकीट. ते सोडलं तर इकॉनॉमीवाल्यासाठी चार मार्ग उरतात. फ्रीक्वेंट फ्लायर (वरचेवर प्रवास करणाऱ्यांना गुण देणाऱ्या) कार्यक्रमात वरचा दर्जा मिळवणं, लाउंजचं वार्षिक सदस्यत्व किंवा एका दिवसाचा पास विकत घेणं, त्या कंपनीशी करार असलेलं क्रेडिट कार्ड बाळगणं, किंवा हक्क असलेल्या प्रवाशाचा पाहुणा म्हणून जाणं. दिवसाचा पास सगळ्याच कंपन्या विकत नाहीत. ज्या विकतात त्याही गर्दीच्या वेळी विक्री थांबवतात, त्यामुळे ‘दारात जाऊन पैसे भरू’ या भरवशावर राहू नका.

प्रायॉरिटी पास हे प्रकरण वेगळं. १९९२मध्ये सुरू झालेल्या या सदस्यत्वावर मुख्यतः स्वतंत्र चालकांची लाउंज उघडतात. विमान कंपन्यांची लाउंज त्यात थोडी, आणि तीही बहुधा ठरावीक वेळांपुरती. पासच्या ॲपमध्ये त्या लाउंजच्या पानावर वेळेच्या अटी दिलेल्या असतात. त्या न वाचता टर्मिनलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पायपीट करणारे रोज दिसतात.

जाता जाता: अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर १९३९मध्ये ॲडमिरल्स क्लब या नावाचं आपलं पहिलं लाउंज उघडलं, तेव्हा आत जायला कंपनीचं निमंत्रण लागे. पैसे भरून सदस्य होण्याची सोय नंतरची.

प्रश्न: माझ्याकडे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघाचा (अलायन्सचा) गोल्ड हा वरचा दर्जा आहे. तरी दारातल्या यंत्रावर लाल दिवा लागला आणि परत पाठवलं. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर.

दारातलं यंत्र बोर्डिंग पासवरचा बारकोड वाचतं. त्या बारकोडमध्ये तुमचं नाव, बुकिंगचा सहा अक्षरी संदर्भ, कुठून कुठे, कंपनीचा संकेत, फ्लाइट क्रमांक, तारीख, केबिनचं (इकॉनॉमी, बिझनेस अशा वर्गाचं) एक अक्षर, सीट आणि चेक-इनचा अनुक्रमांक असतो. तारीख वर्षातला कितवा दिवस या रूपात असते, म्हणजे ५ फेब्रुवारी असेल तर ०३६. याच्या पुढच्या भागात फ्रीक्वेंट फ्लायर क्रमांक येतो, तोसुद्धा बुकिंगमध्ये घातला असेल तरच. तुमच्या खिशात सोनेरी कार्ड आहे हे यंत्राला कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणून आधी हे बघा की बुकिंगमध्ये क्रमांक कोणत्या कंपनीचा आहे. गोल्ड दर्जा एका कंपनीकडे आणि माइल्स (प्रवासाचे गुण) जमा करायला क्रमांक दुसऱ्या कंपनीचा दिला असेल, तर बोर्डिंग पासवर ‘गोल्ड’ची खूण छापलीच जात नाही. चेक-इनच्या आधी ‘माझं बुकिंग’मध्ये जाऊन क्रमांक बदला. चेक-इन झालं असेल तर काउंटरवर किंवा ट्रान्स्फर डेस्कवर क्रमांक बदलून पास पुन्हा छापून घ्या. मोबाइलच्या वॉलेटमधला जुना पास दरवेळी आपोआप बदलतोच असं नाही, म्हणून नवा उतरवून घ्या. क्रमांक बदलायचा नसेल तर दर्जाचं कार्ड कर्मचाऱ्यासमोर धरा. मग नोंद हाताने होते. अट एकच, कार्डाची मुदत संपलेली नको. ॲपमधलं कार्ड घरीच उघडून त्यावरची तारीख बघा. दर्जाचं नूतनीकरण झालेलं असतं, पण फोनमध्ये गेल्या वर्षीच्याच कार्डाचं चित्र पडून असतं.

दुसरी शक्यता: विमान अलायन्सबाहेरच्या कंपनीचं होतं. तिकिटावर सदस्य कंपनीचा फ्लाइट क्रमांक असतो, पण खाली बारीक अक्षरात ‘अमुक कंपनीद्वारे संचालित’ असं लिहिलेलं असतं. हक्क ठरतो तो प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीवर. वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्सची अट याहून कडक आहे. तिथे तिकिटावरचा क्रमांक आणि विमान उडवणारी कंपनी, दोन्ही वनवर्ल्डच्याच हव्यात.

तिसरी शक्यता जरा खटकणारी आहे. स्टार अलायन्समधल्या युनायटेड या अमेरिकी कंपनीचे स्वतःचे गोल्ड सदस्य अमेरिकेतल्या निव्वळ देशांतर्गत प्रवासात केवळ त्या दर्जावर युनायटेड क्लब या तिच्या लाउंजमध्ये जाऊ शकत नाहीत, पण त्याच विमानात बसणारा दुसऱ्या सदस्य कंपनीचा गोल्ड प्रवासी आत जातो. अमेरिकन एअरलाइन्सचीही स्वतःच्या सदस्यांसाठी अशीच गत आहे. स्वतःच्याच प्रवाशांना लाउंजचं सदस्यत्व विकता यावं म्हणून केलेली ही सोय आहे, बाकी काही नाही. स्कायटीम या तिसऱ्या अलायन्सच्या एलिट प्लस या वरच्या दर्जाचा लाउंजहक्क तर मुळातच आंतरराष्ट्रीय प्रवासाशी जोडलेला आहे.

प्रश्न: बिझनेस क्लासचं तिकीट स्वस्तात मिळालं, पण चेक-इनला ‘लाउंज नाही’ म्हणाले. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. एमिरेट्सने २०१९मध्ये बिझनेसचं ‘स्पेशल’ भाडं आणलं, त्यात लाउंज वगळलं होतं. पुढे कतार एअरवेजचं ‘बिझनेस लाइट’ आणि फिनएअरचं ‘बिझनेस लाइट’ आलं, त्यांचीही तीच तऱ्हा. सीट तीच, जेवण तेच, फक्त दार बंद. पैसे भरण्याआधी भाड्यांचा तुलनातक्ता उघडतो, त्यात ‘लाउंज’ची ओळ शोधा. तिकीट तिसऱ्याच संकेतस्थळावरून काढत असाल तर हा तक्ता बरेचदा दिसत नाही, नुसतं ‘बिझनेस’ लिहिलेलं असतं. तेव्हा भाड्याचं नाव टिपून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून बघा. तुमच्याकडे अलायन्सचा वरचा दर्जा असेल तर या भाड्यावरही दर्जाच्या बळावर आत जाता येतं.

प्रश्न: पत्नीकडे दर्जा आहे, माझ्याकडे नाही. आमची विमानं वेगळी आहेत. ती मला पाहुणा म्हणून नेऊ शकेल का?

तिन्ही अलायन्समध्ये वरच्या दर्जाच्या सदस्याला एक पाहुणा नेता येतो. विमान एकच असायला हवं असं नाही, पण तुमचंही विमान त्याच अलायन्सचं हवं आणि दारातून दोघांनी एकत्र जायला हवं. ‘मी आत आहे, त्यांना पाठवा’ हे चालत नाही. मुलं बरोबर असतील तर आधी विचारून घ्या. सहसा दोन वर्षांखालच्या बाळाला मोजत नाहीत, त्यापुढचं मूल अनेक ठिकाणी पूर्ण पाहुणा धरलं जातं.

नुसत्या बिझनेसच्या तिकिटावर मात्र पाहुणा नेता येत नाही. दर्जाचा हक्क आणि तिकिटाचा हक्क यांत लोक गल्लत करतात ती इथे.

प्रश्न: माझ्याकडे वनवर्ल्डचा एमराल्ड हा सर्वांत वरचा दर्जा आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कॉन्कॉर्ड रूममध्ये जाता येईल का?

नाही. ते लाउंज ब्रिटिश एअरवेजच्या फर्स्टच्या प्रवाशांसाठी आणि खास कार्ड असलेल्या मोजक्यांसाठी आहे. एमराल्डवर टर्मिनल ५मधलं फर्स्ट लाउंज मिळतं. फ्रँकफर्टचं लुफ्तान्साचं फर्स्ट क्लास टर्मिनल हेही असंच. ती २००४पासूनची स्वतंत्र इमारत आहे, सुरक्षा तपासणी तिथेच होते आणि मोटारीने थेट विमानापाशी सोडतात. स्टार गोल्डचा तिथे उपयोग नाही.

प्रश्न: किती आधी जाऊन बसता येतं? आणि उतरल्यावर?

सर्वसाधारण मर्यादा सुटण्याआधी तीन तासांची. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीच्या स्काय क्लब या लाउंजमध्ये हा नियम काटेकोर आहे, पण मधल्या थांब्यावर तो लागू होत नाही. इतर ठिकाणी सकाळी येऊन रात्रीचं विमान पकडणाऱ्याला कधी आत घेतात, कधी नाही.

लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास बिझनेसने आणि पुढचा छोटा टप्पा इकॉनॉमीने असेल, तर वनवर्ल्डमध्ये त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत सुटणाऱ्या जोडविमानासाठीही बिझनेसचं लाउंज मिळतं. आधीच्या विमानाचा बोर्डिंग पास तोवर फेकू नका, दारात तोच मागतात.

उतरल्यावरचं लाउंज, म्हणजे अरायव्हल्स लाउंज, अलायन्सच्या दर्जावर सहसा मिळत नाही. लांबून आलेल्या बिझनेस-फर्स्टवाल्यांसाठी ते असतं आणि बरेचदा दुपारी बंद होतं.

प्रश्न: क्रेडिट कार्डवर फुकट लाउंज म्हणतात, तरी पैसे कापले गेले.

कार्ड खरं आहे का हे बघायला एक नाममात्र रक्कम घेतात, ती वेगळी. मोठी रक्कम कापली असेल तर ठरावीक भेटी संपल्या असतील, पाहुण्याचे पैसे लागले असतील किंवा बँकेची खर्चाची अट पूर्ण झाली नसेल. भेटींवर आता सगळीकडेच बंधनं येत आहेत. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डावर डेल्टाच्या क्लबमध्ये फेब्रुवारी २०२५पासून वर्षाला दहाच भेटी मिळतात, त्याआधी मोजदाद नव्हती. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळायला हवं. गर्दी झाली की आधी थांबवतात ते कार्डवाल्यांनाच, त्यामुळे सकाळच्या आणि रात्रीच्या घाईच्या वेळी हाताशी दुसरा पर्याय ठेवा.

प्रश्न: आमच्या कंपनीचं त्या विमानतळावर लाउंजच नव्हतं. मग बिझनेसचे प्रवासी कुठे जातात?

दुसऱ्याच्या लाउंजमध्ये, करारावर. अशा ठिकाणी चेक-इन काउंटरवर निमंत्रणाची चिठ्ठी देतात. घरूनच चेक-इन करून, सामान न देता थेट सुरक्षा तपासणीकडे गेलात तर ती चिठ्ठी हातात पडत नाही, आणि ती नसेल तर दारात अडवतात. काउंटरवर दोन मिनिटं थांबा, चिठ्ठी घ्या आणि लाउंज कोणत्या टर्मिनलमध्ये, सुरक्षा तपासणीच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारून घ्या. पलीकडे जाऊन चूक कळली तर परत येता येईलच असं नाही.

प्रश्न: आत गेल्यावर काय लक्षात ठेवावं?

आंघोळ करायची असेल तर आत शिरतानाच स्वागतकक्षावर नाव नोंदवा, खाणंपिणं नंतर. शॉवरच्या खोल्या मोजक्या असतात, रांग तासाभराची होऊ शकते. बाटलीत पेय भरून निघालात आणि पुढच्या विमानतळावर पुन्हा तपासणी असेल, तर १०० मिलिलिटरची मर्यादा लागू असलेल्या ठिकाणी ते ओतून द्यावं लागेल. आणि बऱ्याच लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा होत नाही. बोर्डिंग पासवर छापलेली वेळ बघा, त्यातून गेटपर्यंतचं चालणं वजा करा. गेट दुसऱ्या इमारतीत असेल तर मधल्या गाडीची वाट बघण्याचा वेळही धरा. गेट विमान सुटण्याच्या वेळी नाही, त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं.