पिचर व्हायचे आहे, पण कोपर दुखते

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. माझा चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, आहे. स्पर्धा जवळ आल्यापासून तो रोज दीडशेच्या आसपास चेंडू पूर्ण जोराने टाकतो आणि सुटीच्या दिवशी मळ्यात केळीचे घडही वाहतो. अलीकडे रात्री उजवे कोपर आतल्या बाजूने ठणकते असे तो आईला म्हणाला. संघातून वगळतील या भीतीने सरांना मात्र त्याने सांगितलेले नाही. त्याला अमेरिकेत व्यावसायिक पिचर व्हायचे आहे. हा मार्ग खरा आहे का? आम्ही त्याला अडवावे का?
— एक वडील

उत्तर : आधी कोपराविषयी लिहितो, कारण मुलाचे स्वप्न त्याच सांध्यावर उभे आहे. पिचर हात डोक्यावरून वेगाने पुढे आणतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूवर मोठा ताण येतो. प्रौढ खेळाडूत हा ताण मुख्यतः तेथील अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना जोडणारा पट्टा, सोसतो; चौदाव्या वर्षी मात्र हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा अजून कठीण झालेली नसते आणि ताणाखाली आधी तीच दुखावते. डॉक्टर याला ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात. वेळीच चेंडू टाकणे थांबवले तर बहुतेक मुले विश्रांतीने बरी होतात. दुखणे लपवून खेळत राहिल्यास कूर्चेचा तुकडा हाडापासून सुटू शकतो. म्हणून चेंडू टाकणे आजच थांबवा, घड वाहणेही थांबवा, आणि जळगावला किंवा जवळच्या गावी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

रोज दीडशे चेंडू हा आकडा वाचून मला खरोखर काळजी वाटली. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल ही सर्वोच्च व्यावसायिक लीग आणि तेथील राष्ट्रीय बेसबॉल संघटना यांनी मिळून वयानुसार मर्यादा ठरवल्या आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत, ६६ किंवा अधिक टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग करू नये, आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवावे, असे त्या सांगतात. मेजर लीगमधला पूर्ण वाढ झालेला पिचरसुद्धा, तो सामना सुरू करणारा असेल तर, साधारण पाच दिवसांतून एकदाच मैदानावर उतरतो. आपल्याकडे अधिक सराव म्हणजे अधिक निष्ठा असे मुलांच्या मनावर बिंबवले जाते. क्रिकेटच्या जलदगती गोलंदाजालाही ते घातक आहे, पिचरला तर फारच.

आता मार्गाविषयी. तो खरा आहे, पण अतिशय अरुंद आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधील संघाने त्यांच्याशी करार केला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. तरीही दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. मेजर लीगखाली रुकी लीगपासून ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत पायऱ्या आहेत, आणि करार मिळालेले बहुसंख्य खेळाडू त्यांवरच थांबतात. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारानंतर ट्रिपल-एमधील किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर झाले, तर मेजर लीगमध्ये २०२४ चे किमान वेतन ७,४०,००० डॉलर होते. एका पायरीवर एवढी तफावत असल्यामुळेच दुखणारा हात लपवण्याचा मोह तिथल्या प्रौढ खेळाडूंनाही होतो.

त्याला टॉमी जॉन या पिचरची हकिकत जरूर सांगा. १९७४ मध्ये त्याच्या कोपराचा अस्थिबंध तुटला. त्या काळी अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवटच मानली जाई. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातील स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून कोपरात बसवला. १९७५ चा संपूर्ण हंगाम त्याने खेळ सोडून हात सावरण्यात घालवला, १९७६ मध्ये तो परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि आपल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. मात्र ही शस्त्रक्रिया म्हणजे हात नवा करून घेण्याची सोय आहे असे समजू नका; तिच्यानंतर वर्षभर आणि कित्येकदा त्याहून अधिक काळ खेळाबाहेर राहावे लागते, आणि प्रत्येक जण पूर्वीच्या जोराने परतत नाही.

त्याला खेळापासून अडवू नका. सरांकडे मात्र तुम्ही स्वतः जा, मुलाला पाठवू नका. दुखण्याची गोष्ट वडिलांनी सांगितली तर मुलावर कच खाल्ल्याचा ठपका येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरुवात कमी अंतरावरून, हलक्या हाताने आणि एक दिवसाआड करावी. एक वही ठेवा, तिच्यात प्रत्येक दिवशी टाकलेले चेंडू आणि रात्री कोपर कसे होते हे त्याने स्वतः लिहावे, आणि ती वही दर आठवड्याला सरांनी पाहावी.